पावलं पाहणारे रीडरसाहेब

कोर्टात कुणाचंही नाव पुकारलं की रीडरसाहेब दारातून बाजूला सरत. चौकटीला पाठ लावून, पोट आत ओढून, मान खाली घालून उभे राहत. एखादा जाडजूड माणूस सावकाश आत जायला जेवढा वेळ घेईल तेवढं थांबत, आणि मग पुन्हा दाराच्या मधोमध येऊन पुढचं नाव घेत. नाव घेतलेला माणूस आलेला असो वा नसो, हे सरणं ठरलेलं. नोकरीच्या पहिल्याच सकाळी मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं, आपल्या नशिबी नेमका हाच यायचा होता.

ते निवृत्त झाले तेव्हा एका माणसाच्या जाण्याने तीन जागा रिकाम्या झाल्या. त्यातली पुकारायची जागा माझ्या गळ्यात पडली. 'मूळ कामाव्यतिरिक्त' असं हुकमात लिहिलंय. त्यामुळे आजकाल मी रोज त्या दारात उभी असते, आणि त्यांची आठवण येणार नाही असा दिवस जात नाही.

माझं मूळ काम स्टेनोचं. जजसाहेब बोलतील ते टिपायचं, टाइप करायचं, सही घ्यायची. पण मला जिथे नेमलं त्या कोर्टाला जजच नव्हते. आधीचे बदलून गेले होते, नवे येणार होते, आणि हे 'येणार होते' मी तिथे जाण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. कोर्ट कुठलं ते सांगत नाही. ग्वाल्हेरात फूलबागेच्या आसपास जाड भिंतींच्या जुन्या दगडी इमारती पुष्कळ आहेत, त्यातली एक समजा. बाहेर चौकशीची खिडकी होती, तिच्यामागे माणूस नव्हता. भिंतीवर तारखा दाखवणारा पडदा होता, तो एकाच खटल्याच्या नंबरावर येऊन थांबला होता. तो खटला निकाली निघून जमाना झाला होता, पण पडदा दुरुस्त करायचं बजेट आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी रीडरसाहेबांना विचारलं की मी आता करू काय. ते रिकाम्या खुर्चीच्या खालच्या टेबलाशी बसून फायली लावत होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग वर खुर्चीकडे पाहिलं, आणि आवाज दाबून म्हणाले, "साहेब बोलेपर्यंत बसा."

मी बसले. खरं सांगते, तो सगळा दिवस मी कान देऊन बसले होते.

रीडर म्हणजे जजच्या समोर खाली बसणारा, फायली पुढे करणारा, पुढची तारीख सांगणारा. हे त्यांचं खरं काम. पुढे पुकार करणारा शिपाई निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आला नाही. मग दप्तरखान्याचा बाबू गेला, त्याच्याही जागी कुणी आला नाही. दोन्ही कामं यांच्याकडे आली. दुसरा कुणी असता तर तिन्ही एकत्र करून, जमेल तशी उरकून मोकळा झाला असता. यांनी तिन्ही माणसं वेगळी ठेवली. चष्मा लावला की रीडर. चष्मा काढून छातीवर लाल पट्टा आणि पितळी बिल्ला चढवला की शिपाई. कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवला की दप्तरखान्याचे बाबू. आम्हीही मग त्या त्या वेळी तसंच बोलवायचं: टेबलाशी रीडरसाहेब, दारात जमादार. कोर्टाच्या फाटकाबाहेर मी त्यांना काका म्हणे, आणि ते मला अगंतुगं करत. फाटकाच्या आत मात्र मी 'आपण'.

एकदा एका नव्या वकिलाने दारात त्यांना गाठून पुढची तारीख विचारली. छातीवर पट्टा होता. ते अदबीने म्हणाले, तारखेचं रीडरसाहेबांना विचारा, मला माहीत नाही. वकील आत गेला, टेबलाशी कुणी नाही म्हणून परत वळला, तर हे पट्टा काढून, चष्मा लावून टेबलाशी बसलेले. काय हवंय, असं त्यांनी विचारलं. वकिलाला वाटलं थट्टा चालली आहे. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नसे. चष्मा लावल्यावर आवाज बदले, थोडा नाकातून येई, आणि दारातला माणूस आपल्याला ठाऊकच नाही असं ते वागत.

दाना ओळी मोहल्ल्यात त्यांच्या भाचीचं लग्न होतं. शिपायाने रजेचा अर्ज लिहिला आणि रीडरच्या टेबलावर ठेवला. रीडरने तो वाचला आणि 'पुकारास दुसरा माणूस नाही, नामंजूर' असा शेरा मारला. लग्नाच्या मुहूर्ताला ते दारात उभे राहून नावं पुकारत होते. मी म्हटलं, काका, कमाल करता, स्वतःच्याच अर्जावर सही करायला काय झालं होतं? तेव्हा ते फाटकाबाहेर होते, म्हणून माझ्याशी नीट बोलले. म्हणाले, "अगं, रीडर खडूस आहे. त्याने आजपर्यंत कुणाला छुट्टी दिलीय?" आणि खरंच वैतागलेले दिसले.

रिकाम्या खुर्चीशी त्यांचं वागणं मात्र तिन्ही वेषांत सारखंच होतं. तिच्याकडे पाठ करायची नाही. तिच्यासमोरून जायचं नाही, मागून वळसा घालून जायचं. रोज सकाळी ती पुसायची, तिच्यापुढे पाण्याचा ग्लास भरून त्यावर झाकण ठेवायचं. संध्याकाळी तेच पाणी अंगणातल्या अशोकाला घालायचं. त्या दालनातला एकच पंखा चालू होता, तो नेमका खुर्चीवरचा. बाकीच्यांची दुरुस्ती अडलेली. मे महिन्यात ग्वाल्हेरचं ऊन काय असतं ते इथे राहिलेल्यांनाच माहीत. पक्षकार, वकील, आम्ही सगळे घामाने निथळत असू आणि तिथे वर, कुणीच नसलेल्या खुर्चीवर, वारा चालू असे. पण कुणी तिकडे सरकून उभं राहत नसे. त्यांनी कुणाला मना केलेलं मी कधी ऐकलं नाही. लोक आपणहूनच जात नसत.

अशाच एका दुपारी पाण्याचा कूलर बंद पडलेला, माझी बाटली संपलेली. मी खुर्चीपुढचा तो ग्लास उचलला. वळून पाहते तर हे माझ्याकडे बघत होते. रागावले नाहीत. त्यांनी फक्त खुर्चीकडे नजर टाकली, ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "घ्या. साहेब म्हणाले, घ्या."

मी ग्लास झाकण लावून परत ठेवला.

आता मेलेल्यांबद्दल सांगायला हवं. कोर्टाच्या कागदावर माणूस लगेच मरत नाही. वकिलाने अर्ज द्यायचा, वारसांची नावं लावायची, जजने ते मंजूर करायचं, मग मेलेल्याचं नाव यादीतून निघतं. तोवर त्याची पुकार होतच राहते. आमच्याकडे मंजूर करायला जज नव्हते. त्यामुळे लोक आपापल्या घरी मरत होते आणि आमच्या यादीत जिवंत होते, आणि अशी नावं वाढतच चालली होती. त्यांची पुकार करताना काकांचा आवाज मऊ होई. बाकीच्यांना ते खणखणीत हाक मारत, यांना जवळच्या खोलीतून बोलावल्यासारखं. "फलाना वल्द फलाना, हाजिर हो." वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. बापाचं नाव घेतल्याशिवाय पुकार पुरी होत नाही. तीनदा नाव घेत, दारातून सरत, थांबत. काही पक्षकारांची मुलं व्हरांड्यात हात जोडून उभी राहत. मुरारचा एक पन्नाशीचा माणूस केवळ बापाचं नाव ऐकायला प्रत्येक तारखेला येई आणि ऐकून निघून जाई. आता घरी त्यांचं नाव घेणारं कुणी नाही, असं त्याने मला एकदा सांगितलं.

आणि त्या व्हरांड्यात रामकलीबाई यायच्या.

त्यांचा नवरा हरिशंकर, वीजखात्यात लाइनमन. एका सकाळी घराबाहेर पडला तो परत आला नाही. पोलिसात खबर दिली, इस्पितळं, धर्मशाळा, नदीकाठ सगळं पालथं घातलं. काही नाही. माझ्या शेजारी बाकावर बसून त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा एकच गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या: त्याच्या चपला दारातच होत्या. म्हणून सकाळी बराच वेळ त्यांना वाटलं की वर गच्चीवर असेल. चपला घातल्याशिवाय बाहेर कोण जातं?

सात वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याला कायदा मेलेला धरतो, पण तसं कोर्टाने म्हणावं लागतं. कोर्टाने म्हटलं असतं तर खातं रामकलीबाईंना त्याच्या जागी नोकरी द्यायला तयार होतं. त्यासाठी वयाची अट होती, आणि ती मर्यादा जवळ येत चालली होती. पुढच्या वर्षी येऊन उपयोग नाही, असं खात्यातल्या साहेबाने त्यांना तोंडावर सांगितलं होतं. घरी दोन मुली, दिराच्या घरात एक खोली, ब्लाउज शिवून चालणारा संसार. त्यांच्या खटल्यात पुरावा झाला होता, वकिलांचं बोलून झालं होतं, निकाल तेवढा राहिला होता, आणि त्याच आठवड्यात जज बदलून गेले. तेव्हापासून त्या येत, आणि रीडरसाहेब त्यांना पुढची तारीख देत.

त्यांच्या वकिलाने सरकारबरोबर हरिशंकरलाही प्रतिवादी केलं होतं. वर्तमानपत्रात नोटीस दिली होती. म्हणून प्रत्येक तारखेला त्याची पुकार व्हायची. "हरिशंकर वल्द गयाप्रसाद, हाजिर हो." नाव आलं की रामकलीबाई पदर सावरून ताठ बसत. आपण ज्याला मेलेला ठरवायला आलो त्याची हाक ऐकताना त्या बाईला काय होत असेल, ते मला पाहायचं नसे. मी त्या वेळी हटकून फायलीत डोकं घालत असे.

जानेवारीतली गोष्ट. धुकं असं की महाराज बाड्याच्या चौकात स्कूटरला समोरची रिक्षा दिसत नव्हती. अकरा वाजले तरी ते उतरलं नव्हतं. व्हरांड्यातही शिरलं होतं. आत एकच ट्यूबलाइट, तीही लुकलुकणारी. झाडूवाल्याची जागाही रिकामीच, म्हणून काकांनी स्वतः दारात पोतं टाकलं होतं. तरी लोकांच्या बुटांनी फरशीवर ओल्या पावलांची रांग लागली होती. रामकलीबाई आतल्या बाकावर शाल लपेटून बसल्या होत्या. दुसरं कुणी त्या बाकावर नव्हतं.

काकांनी हरिशंकरचं नाव घेतलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौकटीला पाठ लावली, मान खाली घातली. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त थांबले. मी मान वर करून पाहिलं. त्यांची नजर फरशीवर होती आणि ती हळूहळू आत येत होती, दारापासून पोत्यावर, पोत्यावरून फरशीवर, बाकाकडे. बाकावर रामकलीबाई थोड्याशा सरकल्या. थंडी आहे, भिंतीच्या बाजूला सरकत असतील, असं मला वाटलं. त्यांनी आपली पिशवीही उचलून मांडीवर घेतली.

मग काकांनी पट्टा काढला, टेबलाशी येऊन चष्मा लावला आणि फाइलीत त्या दिवसाची नोंद केली. मी ती सहज वाकून वाचली. 'पीठासीन अधिकारी नाहीत. वादी हजर. प्रतिवादी हरिशंकर हजर.'

मी त्यांना म्हटलं, रीडरसाहेब, चूक झाली. त्यांनी नोंद पुन्हा वाचली आणि चूक कुठली ते विचारलं. मी म्हटलं, कोण आलं होतं? ते म्हणाले, ते जमादाराला विचारा, त्याने खबर दिली, मी लिहिलं. मी जमादारालाच विचारते आहे, असं मी म्हटलं तर त्यांनी चष्मा न काढता माझ्याकडे नुसतं पाहिलं.

दुपारपर्यंत रामकलीबाईंच्या वकिलाला कळलं. तो पुरता हादरला. नवरा कोर्टात हजर झाला अशी नोंद कोर्टानेच केलेली, तर त्याला बेपत्ता कोण म्हणणार आणि मेलेला कोण ठरवणार? सरकारी वकिलाला आयतंच मिळालं. नोंद खोडा म्हणून रामकलीबाईंच्या वकिलाने हातापाया पडून पाहिलं. रीडरसाहेबांनी सांगितलं की लिहिलेली नोंद रीडरला खोडता येत नाही, जजचा हुकूम लागतो. आणि जज नव्हते. रामकलीबाई हे सगळं दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला की त्या दिवशी मी त्यांना नमस्कार न करता घरी गेले.

दोन दिवसांनी बाड्यावर कचोरीच्या गाडीशी ते भेटले. मी सरळ तोंड सोडलं. काका, म्हटलं, तुमच्या या सोंगांपायी एका बाईचा संसार बुडतोय. रिकाम्या दारातून कुणी येतं का? तुम्ही पाहिलंत त्याला? चेहरा कसा होता, सांगा.

ते खाता खाता थांबले. त्यांच्याशी असं बोलणारं बहुधा कुणी नव्हतं. मग त्यांनी मला घराण्याची गोष्ट सांगितली. पणजोबा दरबारात चोपदार होते, दख्खनहून आलेले. येणाऱ्याचं नाव दारात पुकारायचं, हे त्यांचं काम. आजोबाही तेच. वडिलांच्या वेळी दरबार राहिला नाही, म्हणून वडिलांनी मुलाला शिकवून कारकून केलं. पण लहानपणी आजोबांनी अंगणात उभं करून पुकार शिकवली होती, ती अंगातून गेली नाही. शिपायाची जागा रिकामी झाली तेव्हा सगळ्या कचेरीत आनंद झालेले ते एकटेच.

"चोपदार चेहरा नाही पाहत, बेटा," ते म्हणाले. "नाव घ्यायचं, रस्ता सोडायचा, पावलं पाहायची. पावलं आत गेली की आत खबर द्यायची. कोण आहे, कसा आहे, ते ज्याचं त्याने पाहून घ्यावं. आजोबा म्हणत, चेहरा पाहिलास की तू भेदभाव करशील."

मी विचारलं, आणि त्या दिवशी?

"त्या दिवशी पावलं आली," ते म्हणाले. मग पुडीतली उरलेली कचोरी त्यांनी माझ्या हातात दिली आणि निघून गेले.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुसऱ्या कोर्टाच्या जजना आमचा जादा भार मिळाला. आठवड्यातून एक दिवस, जेवणानंतर तासभर. तरुण, हिंदीभाषिक, घाईतला पण भला माणूस. ते पहिल्यांदा आले तेव्हा रीडरसाहेबांनी आधी रिकाम्या खुर्चीकडे पाहून किंचित मान लववली, कुणी उठायची वाट पाहावी तसे थांबले, आणि मगच खुर्ची मागे ओढून नव्या साहेबांना बसवलं. मला सोडून कुणाच्या लक्षात आलं नसावं.

रामकलीबाईंचा खटला निघाला तो दुसऱ्याच आठवड्यात. सरकारी वकिलाने उठून ती नोंद वाचून दाखवली आणि खटला इथेच संपतो असं म्हणून खाली बसला. साहेबांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? रीडरसाहेब उभे राहिले आणि मी लिहिलं म्हणाले. कुणाला पाहून लिहिलं? पाहणं माझं काम नाही, शिपायाने खबर दिली, मी लिहिलं. साहेब म्हणाले, मग शिपायाला बोलवा.

मला पुढे काय होणार ते कळलं आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्यांनी चष्मा काढून फाइलीवर ठेवला होता आणि ते मागे मागे चालत दाराबाहेर जात होते. बाहेरून बिल्ल्याचा आवाज आला. मग ते पट्टा लावून आत आले आणि साक्षीदाराच्या जागी उभे राहिले. कुणी हसलं नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं की शिपायाची जागा रिकामी आहे, दोन्ही कामं हेच करतात. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि समोर खरंच दुसरा माणूस असावा तसं विचारायला सुरुवात केली.

त्या दिवशी कुणी आलं होतं का? आले होते, हुजूर. सरकारी वकील गालात हसला. रामकलीबाई बाकाची कड धरून बसल्या होत्या. हो म्हणाला म्हातारा, संपलं. साहेबांनी विचारलं, तोच होता हे कशावरून? त्यांचं नाव घेतलं, रस्ता सोडला, ते आले. चेहरा पाहिला? चेहरा आम्ही पाहत नाही, पावलं पाहिली. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, म्हणजे हा माणूस जिवंत आहे, असं तुम्ही शपथेवर सांगता?

त्यांनी फरशीकडे पाहिलं.

"ये मैंने नहीं कहा, हुजूर," ते म्हणाले. "कोहरे का दिन था. फर्श पर सबके गीले पाँव छपे थे. वो नंगे पाँव आए. उनके नहीं छपे."

खुर्चीवरचा पंखा तेवढा ऐकू येत होता. साहेबांची नजर दाराकडे गेली, तिथून फरशीवर, तिथून बाकाकडे, आणि बाकाच्या रिकाम्या अर्ध्या भागावर थोडी थांबली. मग ते माझ्याकडे वळून मजकूर सांगू लागले. नोंद रीडरच्या चुकीने झालेली दिसते, ती रद्द समजावी. पुरावा पाहता हरिशंकर वल्द गयाप्रसाद मृत मानण्यात यावा. पावलांबद्दल त्यांनी एक अक्षर लिहवून घेतलं नाही. त्या दालनात मी टिपलेला तो पहिला निकाल. टाइप करताना हरिशंकरचं नाव मी दोनदा चुकवलं.

बाहेर व्हरांड्यात रामकलीबाई दाराशी थांबल्या होत्या. जमादार अजून पट्ट्यातच होते. बाईंनी एवढंच विचारलं, "नंगे पाँव थे?" जमादार जी म्हणाले. रामकलीबाई खाली बघत निघून गेल्या.

चपलांची गोष्ट त्यांनी मला सांगितली तेव्हा काका चार हातांवर फायली बांधत होते. त्यांनी ऐकली असणार. मी स्वतःला आजही हेच समजावते. पण मग बाईसाठी त्यांनी अनवाणी पावलांची गोष्ट रचली असेल, तर नोंद मुळात का केली, याचं उत्तर मला सापडत नाही.

चुकीच्या नोंदीबद्दल रीडरला वरून नोटीस आली. उत्तरात त्यांनी लिहिलं की रीडरने शिपायावर विश्वास ठेवला, शिपायास समज देण्यात यावी. मग पट्टा लावून, 'समज मिळाली' म्हणून शिपायाची सहीही केली. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते, म्हणून प्रकरण तिथेच थांबलं.

निकालाची नक्कल न्यायला रामकलीबाई आल्या तो दिवस लख्ख उन्हाचा होता. नक्कल घेऊन त्या थेट खात्यात जाणार होत्या, वयाच्या अटीला अजून थोडे आठवडे होते. आज त्या तिथे नोकरीला आहेत. त्या दिवशी हातात नक्कल आणि काखेत एक कापडी पिशवी होती. दारात जमादार यादी पुकारत होते. रामकलीबाईंनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला काढल्या. मर्दानी, टाचेला झिजलेल्या, पण रोज पुसल्यासारख्या स्वच्छ. त्या दाराशी ठेवून त्या म्हणाल्या, "इनको एक बार और बुला दीजिए, बाबूजी. ऐसे ही बैठे रहेंगे यहाँ."

जमादारांनी मान हलवली. नाव यादीतून कटलं, आता पुकारता येत नाही. खरंच येत नव्हतं. यादीत नसलेलं नाव त्यांनी उभ्या आयुष्यात पुकारलं नव्हतं. रामकलीबाई हलल्या नाहीत. मी आत टेबलाशी बसले होते आणि मला पहिल्यांदाच त्या म्हाताऱ्याची दया आली, कारण त्यांचा चेहरा अगदी कासावीस झाला होता.

मग ते आत आले. पट्टा काढला. चष्मा लावून आपल्या जागेवर बसले. समोर कागद नव्हता, तरी काहीतरी वाचत असल्यासारखे बसून राहिले. शेवटी त्यांनी कोरं पान ओढून त्यावर एक शब्द लिहिला आणि सही केली. ते मी पाहिलं. 'मंजूर.' इतक्या दिवसांत त्या टेबलावरून कुणाला मिळालेली ती पहिली रजा.

दारात जाऊन त्यांनी पुन्हा पट्टा चढवला. खाली वाकून चपलांची तोंडं बाहेरच्या बाजूला केली. आणि मऊ आवाजात, जवळच्या खोलीतून बोलावल्यासारखं म्हणाले, "हरिशंकर वल्द गयाप्रसाद, छुट्टी है."

एकदाच. मग ते चौकटीला पाठ लावून सरले, या वेळी बाहेर जाणाऱ्याला वाट द्यायला. रामकलीबाईंनी मान खाली घातली. मीही घातली. खुर्चीवरचा पंखा फिरत होता. काका थांबले, थांबले, आणि दाराच्या मधोमध येऊन त्यांनी पुढचं नाव घेतलं.

रामकलीबाई रिकामी पिशवी घेऊन गेल्या. संध्याकाळी मी निघाले तेव्हा चपला तिथेच होत्या. दुसऱ्या सकाळी नव्हत्या. कोर्टाच्या दारातून चपला जायला भूत लागत नाही, हे ग्वाल्हेरात कुणालाही माहीत आहे. तरी मी त्याबद्दल आजवर कुणाला विचारलेलं नाही, आणि पुकार झाली की मी दारातून बाजूला सरते.